जुन्या छायाचित्रांची डागडुजी

विठ्ठलवाडी व तिच्या आसपासच्या वस्तींत असें घर क्वचितच आढळेल, कीं ज्याच्या भिंतीवर, कपाटांत किंवा पत्र्याच्या ट्रंकेंत एकादें जुनें छायाचित्र नाहीं. कोणाच्या आजोबांचें लग्न, कोणाच्या पणजीचा एकुलता एक फोटो, कोणाच्या वडिलांचा पहिल्या नोकरीच्या वेळीं काढलेला. १९४७ सालच्या फाळणीनंतर सिंधमधून जीं कुटुंबें कल्याणच्या लष्करी छावणींत येऊन राहिलीं, व ज्यांच्या वस्तीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या घरीं मागें राहिलेल्या गांवाची एवढीच खूण शिल्लक असेल. कोंकणांतून, देशावरून व खानदेशांतून जे लोक कामधंद्यासाठीं इकडे आले, त्यांची गोष्ट फारशी निराळी नाहीं. या सर्व चित्रांचा एक समाईक शत्रु म्हणजे आपल्या भागांतील दमट हवा. दुसरा, त्याहून क्रूर, म्हणजे पूर. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास व वालधुनी या नद्यांचें पाणी कल्याण व उल्हासनगरच्या घराघरांत शिरलें. भांडीं धुतां आलीं, गाद्या टाकून नव्या घेतां आल्या. फोटो मात्र पुन्हां काढतां येण्यासारखे नव्हते, कारण त्यांतील माणसें आतां हयात नव्हतीं.

अशीं चित्रें कायमचीं गेलीं असें पुष्कळांस वाटतें. परंतु तें सर्वस्वीं खरें नाहीं. डागळलेल्या चित्राची संगणकावर नक्कल घेऊन त्या नकलेची डागडुजी करतां येते. पूर्वीं हें काम मोठ्या स्टुडिओवाल्यांचें होतें. हल्लीं तें नववी-दहावींतील विद्यार्थी घरीं बसून करूं शकतो, आणि त्यासाठीं लागणारें अवजार विकत घ्यावें लागत नाहीं कीं चोरावेंही लागत नाहीं. तें अवजार कोणतें, तें कोणीं केलें, तें कसें वापरावें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तें वापरतांना कोठें थांबावें, हें विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

संगणकाकडे वळण्यापूर्वीं मूळ चित्राविषयीं दोन शब्द. जुन्या पद्धतीचें कृष्णधवल छायाचित्र म्हणजे कागदावर बसविलेला जिलेटिनचा एक पातळ थर. त्या थरांत चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात. हे काळे कण कोठें दाट व कोठें विरळ असल्यामुळें आजोबांचा चेहरा आपणांस दिसतो. जिलेटिनचा स्वभाव असा, कीं तें पाण्यानें फुगतें, मऊ होतें व चिकट बनतें. मग सुकतांना ज्यास लागलें असेल त्यास घट्ट धरतें. म्हणून भिजलेले फोटो एकमेकांवर रचून कधींही सुकूं देऊं नयेत. चिखल लागला असल्यास स्वच्छ थंड पाण्यांत हलकेच बुडवून काढावे, चित्राच्या बाजूस बोट लावूं नये, व सांवलींत, चित्राची बाजू वर करून, एकेक वेगळा सुकवावा. उन्हांत ठेवल्यास कागद वळतो व थर तडकतो. भिंतीवरच्या तसबिरींत पाणी शिरून चित्र कांचेला चिकटलें असेल, तर तें ओढून काढण्याचा मोह आवरावा. ओढलें कीं चेहरा कांचेवर राहतो आणि कोरा कागद हातांत येतो. तसल्या चित्राची नक्कल कांचेसकट घ्यावी.

नक्कल घेण्यास उत्तम साधन म्हणजे स्कॅनर. झेरॉक्सच्या पुष्कळ दुकानांत तो असतो. दुकानदारास सहाशें डी.पी.आय.वर स्कॅन करण्यास सांगावें, म्हणजे एका इंचांत सहाशें ठिपके. तीन इंच रुंद व चार इंच उंच चित्र असें घेतलें, तर आडवे १८०० व उभे २४०० मिळून ४३,२०,००० ठिपके होतात. हे ठिपके म्हणजेच आपलें भांडवल. तें आरंभीं कमी घेतलें तर मागाहून वाढवितां येत नाहीं. स्कॅनर न मिळाल्यास मोबाईलनेंही काम भागतें. मात्र फ्लॅश बंद ठेवावा, चित्र खिडकीजवळ परंतु थेट ऊन न लागेल असें सपाट ठेवावें, व मोबाईल त्यावर अगदीं समांतर धरावा. नक्कल पी.एन.जी. किंवा टिफ या प्रकारांत सांठवावी. जेपेग हा नेहमींचा प्रकार जागा वाचविण्यासाठीं बारीकसारीक तपशील टाकून देतो, आणि आपण दुरुस्ती करून पुन्हां सांठविलें कीं पुन्हां कांहीं टाकतो. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीनें आलेलें चित्र तर आणखीच आक्रसलेलें असतें. त्यावर मेहनत घेणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आतां अवजाराकडे येऊं. कल्याणपासून उल्हासनगरपर्यंत कोणत्याही स्टुडिओंत विचारलें, तर फोटोशॉप हें नांव ऐकूं येईल. १९९० सालीं निघालेलें हें सॉफ्टवेअर उत्तम आहे यांत शंका नाहीं. परंतु २०१३ सालापासून त्याच्या मालकांनीं नव्या आवृत्त्या कायमच्या विकण्याऐवजीं भाड्यानें देण्याचें धोरण धरिलें. भाडें भराल तोंपर्यंत वापराल. शाळकरी मुलाच्या आईबापांस हा खर्च सहसा परवडत नाहीं. मग काय होतें तें आपण सारेच जाणतों. कोणी मित्र पेन ड्राईव्हवर ‘क्रॅक’ केलेली प्रत आणून देतो. मुलगा खूष, पालक निश्चिंत, कारण ही चोरी डोळ्यांना दिसत नाहीं. अशा प्रतींबरोबर पुष्कळदां व्हायरस येतात, हें तिचें एक फळ. दुसरें फळ आम्हां शिक्षकांस अधिक खटकतें. ज्या मुलास आपण कलेच्या दारांत उभें करतों, त्याचा पहिला धडा त्या दाराचें कुलूप तोडण्याचा असतो.

या अडचणीवर कांहीं लोकांनीं निराळीच वाट काढली आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांनीं ‘ग्नू’ नांवाची योजना जाहीर केली. सॉफ्टवेअर म्हणजे शेवटीं माणसानें लिहिलेला मजकूर. संगणकानें काय करावें, याची तींत पायरीपायरीनें कृति दिलेली असते. आमच्या घरांत नाताळच्या वेळीं करंज्या होतात. शेजारीण कृति विचारते, आमची मंडळी ती आनंदानें सांगतात. ती आपल्या घरीं सारणांत थोडी खसखस जास्त घालते, व सुधारलेली कृति तिसरीस सांगते. मिठाईवाला करंजी विकतो, पण कृति सांगत नाहीं. बहुतेक कंपन्या या मिठाईवाल्याप्रमाणें वागतात, व तसें वागण्याचा त्यांस कायद्यानें हक्क आहे. स्टॉलमन यांनीं शेजारणीची रीत पतकरली. त्यांच्या मतें सॉफ्टवेअर घेणारास चार मोकळीकी असाव्या: हव्या त्या कामासाठीं तें चालविण्याची, आंतील मजकूर वाचून तो बदलण्याची, त्याच्या प्रती दुसऱ्यास देण्याची, आणि आपण केलेली सुधारणा इतरांस वाटण्याची. हें नुसतें म्हणून ते थांबले नाहींत. १९८९ सालीं त्यांनीं यासाठीं एक कायदेशीर परवाना तयार केला. त्याची खुबी अशी, कीं जो कोणी असें सॉफ्टवेअर सुधारून पुढें देईल, त्यानेंही तींच मोकळीक पुढच्या माणसास दिली पाहिजे. खसखस घातली म्हणून कृति लपवितां येत नाहीं.

यास मुक्त सॉफ्टवेअर अथवा ओपन सोर्स म्हणतात. हीं दोन नांवें वापरणाऱ्यांत तत्त्वाचे बारीक वाद आहेत. त्यांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. परंतु ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ यांतील भेद पालकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. मोबाईलवर फुकट मिळणारीं कित्येक ॲपें मुक्त नसतात. तीं आपली किंमत जाहिरातींच्या किंवा आपल्या खासगी माहितीच्या रूपानें वसूल करतात. उलट मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकण्यास कोणतीही मनाई नाहीं. ‘क्रिता’ नांवाचें चित्रकलेचें सॉफ्टवेअर त्याच्या संस्थेच्या स्थळावरून कोणीही विनामूल्य उतरवून घ्यावें. तेंच मायक्रोसॉफ्टच्या दुकानांत दाम देऊनही मिळतें, व तो पैसा पुढील सुधारणेकडे जातो. ज्यास देतां येईल त्यानें द्यावें, ज्यास येणार नाहीं त्यानें संकोच करूं नये, अशी ही व्यवस्था आहे.

छायाचित्रांच्या डागडुजीसाठीं आम्ही जें अवजार सुचवितों त्याचें नांव गिम्प. १९९५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोघां विद्यार्थ्यांनीं त्यास आरंभ केला, व पुढील सालीं तें लोकांसमोर ठेविलें. विद्यार्थ्यांनीं, हा शब्द आमच्या वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावा. खिडक्या, बटणें, याद्या हीं पडद्यावर उभीं करण्यासाठीं त्यांनीं जी सामग्री स्वतः घडविली, ती इतकी सोईची ठरली कीं ग्नोम नांवाची सबंध संगणक-व्यवस्था पुढें तिच्या पायावर उभी राहिली. ते दोघे विद्यापीठ सोडून आपापल्या उद्योगास लागले, तरी देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं काम चालूं ठेविलें. मार्च २०२५ मध्यें त्याची तिसरी मोठी आवृत्ति निघाली. तींत एक सोय अशी झाली आहे, कीं चित्रावर केलेले पुष्कळसे संस्कार मूळ ठिपक्यांस धक्का न लावतां वर ठेवतां येतात व वाटेल तेव्हां काढून टाकतां येतात. डागडुजी करणारास हें मोठेंच वरदान आहे. गिम्प विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही व्यवस्थांवर चालतें, आणि बेताच्या संगणकावरही निभावतें. मात्र तें त्याच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावें. भलत्या ठिकाणाहून घेतलेल्या प्रतींत काय मिसळलें असेल याचा नेम नाहीं.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वीं संगणकास चित्र कसें दिसतें तें कळलें पाहिजे. त्याच्या दृष्टीनें चित्र म्हणजे आंकड्यांचें कोष्टक. प्रत्येक ठिपक्यास, ज्यास पिक्सेल म्हणतात, साधारणतः तीन आंकडे दिलेले असतात: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येकाची मोजणी शून्यापासून २५५ पर्यंत. तिघांच्या मिश्रणानें १,६७,७७,२१६ निरनिराळे रंग संभवतात. तीन रंगांच्या प्रकाशांतून बाकीचे रंग उभे करतां येतात, हें जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञांनीं १८६१ सालींच लंडन येथें दाखविलें होतें. एका रंगीत फितीचीं तीन छायाचित्रें तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणींतून घेऊन त्यांनीं तीं त्याच रंगांच्या प्रकाशांत पडद्यावर एकावर एक पाडलीं, तों फीत रंगीत दिसूं लागली.

ही शास्त्रांतील जुनी गोष्ट आपल्या कामीं कशी येते पहा. कृष्णधवल फोटोवर पुराच्या पाण्याचा किंवा चहाचा पिवळट-तपकिरी डाग पडलेला असतो. पिवळी वस्तु निळा प्रकाश शोषून घेते व तांबडा परत पाठविते. म्हणून नकलेंतील केवळ निळ्याचे आंकडे पाहिले तर डाग काळाकुट्ट दिसतो. केवळ तांबड्याचे पाहिले तर तो शेजारच्या कोऱ्या कागदाइतकाच उजळ, म्हणजे जवळजवळ अदृश्य! गिम्पमध्यें ‘कलर्स’ या यादींत ‘कॉम्पोनन्ट्स’ व त्याखालीं ‘डीकम्पोज’ अशी आज्ञा आहे. ती दिली कीं एका चित्राचे तीन थर वेगळे होतात. त्यांतील तांबडा ठेवावा, बाकीचे दोन बाजूस सारावे. जो डाग हातानें पुसण्यास चार संध्याकाळी लागल्या असत्या, तो पुष्कळदां या एका युक्तीनें निम्म्याहून अधिक उतरतो. आमच्या वर्गांत हें करून दाखविलें म्हणजे मुलें हटकून टाळ्या वाजवितात. त्या टाळ्या मॅक्सवेलच्या आहेत, असें आम्ही त्यांस सांगतों. (रंगीत फोटोस ही युक्ति अर्थातच लागू नाहीं. जुने रंगीत फोटो तांबूस पडतात, कारण त्यांतील निळसर-हिरवा रंग बहुधा आधीं उडतो; तेथें ‘लेव्हल्स’ उघडून तिन्ही रंगांच्या दोन्ही टोंकांच्या खुणा, जेथें आलेख सुरू होतो व संपतो तेथें, एकेक करून आणाव्या.)

यापुढचें काम शिवणकामासारखें आहे. ओरखडे, भेगा व बुरशीचे ठिपके यांवर ठिगळें लावावयाचीं. त्यासाठीं दोन अवजारें: ‘क्लोन’ व ‘हील’. कंट्रोल हें बटण दाबून चित्रांतील एका चांगल्या जागेवर टिचकी मारावी, म्हणजे तेथील कापड उचललें जातें. मग डागावर कुंचला फिरवावा. क्लोन तें कापड जसेंच्या तसें चिकटवितें. हील त्याचा पोत घेतें, परंतु उजेड-अंधार भोंवतालच्या जागेशीं जुळवून देतें. गुळगुळीत भिंत, आकाश, गाल येथें हील चांगलें; पागोट्याची किनार, चष्म्याची दांडी, साडीचा कांठ येथें क्लोन बरें, कारण हील तेथें शेजारचा काळोख ओढून आणतें. कुंचला डागाहून किंचित् मोठा व कडेनें मऊ असावा. प्रथम पार्श्वभूमि, मग कपडे, चेहरा सर्वांत शेवटीं. तोंपर्यंत हात बसलेला असतो. हें सारें मूळ नकलेवर कधींही करूं नये. वर एक नवा पारदर्शक थर, म्हणजे लेयर, घालावा, ‘सॅम्पल मर्ज्ड’ ही खूण करावी, व सर्व ठिगळें त्या थरावर लावावीं. तो थर झांकला कीं खालील जखमी चित्र जसेंच्या तसें दिसतें. आपण कोठें कोठें हात लावला, हें त्यामुळें केव्हांही दुसऱ्यास दाखवितां येतें.

दाखवितां येण्याची ही गोष्ट आम्ही इतकी महत्त्वाची कां मानतों, तें एका उदाहरणानें सांगतों. गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोवर हें काम केलें. २००५ च्या पुरांत तो फोटो दोन दिवस पाण्याखालीं होता. कनात, पाटावरचीं माणसें, आजीच्या शालूचा कांठ हें सर्व त्यानें आठ-दहा बैठकींत सुरेख सुधारलें. परंतु आजोबांच्या डाव्या डोळ्यापासून गालापर्यंतचा थर साफ धुवून गेला होता. तेथें उचलण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें. तेव्हां त्याच्या मोठ्या भावानें तो फोटो मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका ॲपला दिला. अर्ध्या मिनिटांत चेहरा पूर्ण होऊन आला; नाक सरळ, डोळे पाणीदार, कांति तुकतुकीत. घरांतील सर्वांनीं वाहवा केली. आजीनें चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलें व म्हणाली, “पोरगा देखणा आहे रे, पण हा कोण?”

म्हाताऱ्या बाईच्या या प्रश्नांत सर्व शास्त्र आलें. त्या यंत्रानें आजोबांस कधीं पाहिलें नव्हतें. त्यानें लाखों परक्या माणसांचे चेहरे पाहिलेले असतात, आणि अशा गालाशेजारीं बहुधा कसा डोळा असतो याचा अंदाज तें बांधतें. अंदाज सुंदर असतो. पण तो आजोबांचा डोळा नसतो. शिवाय उरलेला अर्धा चेहराही तें आपल्या अंदाजाशीं जुळविण्यासाठीं हळूच बदलतें, आणि कोठें बदललें तें सांगत नाहीं. त्या घरांत आजी होती, म्हणून प्रश्न निघाला. आणखी पन्नास वर्षांनीं त्याच घरांतील मुलें तो देखणा परका माणूस भिंतीवर लावतील, आणि त्यांस विचारणारें कोणी नसेल. पुरानें अर्धा चेहरा नेला होता. राहिलेला अर्धा आपण आपल्या हातानें देऊन टाकावा काय? त्याच माणसाच्या त्याच सुमाराच्या दुसऱ्या फोटोंतून डोळा घेतला, व तसें लिहून ठेविलें, तर आमची हरकत नाहीं. या घरीं आजोबांचा दुसरा फोटो होता, परंतु तो वीस वर्षांनंतरचा, नोकरीच्या पासावरचा. म्हणून ती जागा रिकामीच ठेवावयाचें ठरलें. विद्यार्थ्यानें तिचा पिवळेपणा काढून तिला भोंवतालच्या छायेसारखा करडा रंग दिला, म्हणजे ती डोळ्यांत खुपत नाहीं, परंतु लपतही नाहीं.

छायाचित्रांत हात घालणें नवें आहे, असें मात्र कोणी समजूं नये. मुंबईस छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीं निघाली, व डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या भारतीय सभासदांपैकीं होते. म्हणजे ही कला आपल्याकडे पावणेदोनशें वर्षांची होत आली. कांचेवरच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालविणें, कृष्णधवल फोटोवर हातानें रंग भरणें, हे जुन्या स्टुडिओंतले नेहमींचे प्रकार. दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रकार व मुद्रक होते. त्यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटांत अण्णा साळुंके या एकाच नटानें राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. तेथें पाहणारास ठाऊक होतें कीं आपण नाटक पाहत आहों. कल्पनेस तिचें स्वतःचें घर आहे. तिला पूर्वजांच्या तसबिरींत बिऱ्हाड देण्याचें कारण नाहीं.

आणि ज्या मुलांस कल्पनेच्या घरांतच राहावयाचें आहे, त्यांच्यासाठींही मुक्त अवजारें पुष्कळ आहेत. क्रिताचा उल्लेख वर आलाच. या स्वीडिश शब्दाचा अर्थ खडू. कोऱ्या पडद्यावर रंगांनीं चित्र काढणारासाठीं तें गिम्पहून सरस आहे. इंकस्केप हें २००३ पासूनचें. तें ठिपक्यांऐवजीं रेषांच्या गणितानें चित्र सांठवितें, त्यामुळें टिकलीएवढें चित्र फलकाएवढें केलें तरी कडा फाटत नाहींत. आपल्या ठाणें-पालघरकडील वारली चित्रांतले त्रिकोण, वर्तुळें, रांगोळीचे नमुने, शाळेचें बोधचिन्ह यांस तें फार योग्य. ब्लेंडर हें तर त्रिमिति चित्रांचें व चलत्‌चित्रांचें. तें ज्या कंपनीकडे होतें ती बुडाल्यावर २००२ सालीं टॉन रोझेंडाल यांनीं लोकांकडे एक लाख युरोची वर्गणी मागितली. ती सात आठवड्यांत जमली व ब्लेंडर सर्वांस मोकळें झालें. लाटव्हिया या लहानशा देशांतील गिंट्स झिल्बालोदिस यांनीं ब्लेंडर वापरून ‘फ्लो’ हा एका मांजराचा चित्रपट केला, व मार्च २०२५ मध्यें त्यास सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें.

हें सर्व शिकवणार कोण, असा प्रश्न पालक विचारतात. त्याचें उत्तर आपल्यापासून फार दूर नाहीं. पवई येथील आय.आय.टी. मुंबईमध्यें प्रा. कन्नन मौद्गल्य यांनीं केंद्र सरकारच्या साह्यानें ‘स्पोकन ट्युटोरियल’ नांवाचा प्रकल्प उभारला. मुक्त सॉफ्टवेअर शिकविणारे सुमारें दहा-दहा मिनिटांचे चित्रफितींचे धडे त्यांनीं तयार करविले, व त्यांतील बोलणें अनेक भारतीय भाषांत करून घेतलें. गिम्प व इंकस्केप यांचे धडे मराठींतही आहेत. शिकण्याची रीत साधी आहे: फीत थोडी पाहावी, थांबवावी, तेंच आपल्या संगणकावर करावें, मग पुढें जावें. शिकवणीवाल्याची फी लागत नाहीं, आणि न समजलेला भाग दहा वेळां विचारला तरी शिक्षक रागावत नाहींत. या दुसऱ्या बाबतींत आमचा पराभव आम्ही मान्य करतों.

यावर पोट भरेल काय, हाही प्रश्न न्याय्य आहे. तेथें स्पष्ट बोलावें हें बरें. लग्नाच्या स्टुडिओंत व छापखान्यांत बहुधा फोटोशॉपच मागतात. ऑफसेट छपाईस जे चार शाईंचे रंग लागतात, त्यांत थेट काम करण्याच्या बाबतींत गिम्प अजून कच्चें आहे. क्रितास तें जमतें. तरी लेव्हल्स, थर, क्लोन यांचें ज्ञान एका अवजारावर झालें कीं दुसऱ्यावर हात बसण्यास आठवडे पुरतात. सुतारास रंधा बदलला म्हणून लांकूड नवें होत नाहीं.

आतां शेवटची, व पुष्कळ घरीं राहून जाणारी गोष्ट. चित्र सुधारलें कीं त्यांतील माणसांचीं नांवें लिहावीं. मूळ फोटोच्या मागें लिहावयाचें तर मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें, कडेला. बॉलपेननें लिहिल्यास दाब पुढच्या बाजूस उमटतो. संगणकावरील नकलेखालीं वेगळी पट्टी जोडून तीवर नांव, गांव, साल व ‘अमुक वर्षीं दुरुस्त केलें’ एवढें लिहावें. अक्षरांसाठीं मुंबईच्या एक टाईप या मंडळींनीं काढलेले मुक्ता, बालू, मोदक असे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यानें मिळतात. पैकीं मुक्ता या कामास बरा, मोदक फारच लठ्ठ आहे. मूळ नकल, थर शाबूत असलेली गिम्पची फाईल व तयार चित्र या तिन्ही प्रती ठेवाव्या, आणि एक संच दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे असावा, म्हणजे एकाच पुरांत सर्व जाणार नाहीं. नांवें ज्यांस ठाऊक आहेत अशीं माणसें घरांत असतील, तर हें काम दुरुस्तीच्याही आधीं करावें. डाग पुढल्या वर्षीं काढतां येईल.

आमच्या शाळेच्या संगणकाच्या खोलींत स्कॅनर आहे. शनिवारीं शाळा सुटल्यावर दोन तास तो पालकांच्या उपयोगासाठीं खुला राहील. फोटो मुलासोबत स्वतः घेऊन यावा व त्याच वेळीं परत न्यावा. शाळेंत ठेवून घेतला जाणार नाहीं. कांचेला चिकटलेला असल्यास चौकटीसह आणावा.